एक छेद आठ भाकरी

ताटात भाकरीचे आठ तुकडे होते, आणि माझ्या गटातल्या सात शिक्षकांना एकाच वेळी उपवास लागला होता.

एकाची कसलीशी तिथी होती. एकीचं पोट बिघडलं होतं. एकाचा गुरुवार होता. वार बुधवार होता, पण ते म्हणाले, "आमच्यात आदल्या दिवसापासूनच धरतात." सकाळचे अकरा वाजले होते. मी ताट हातात धरून उभा. लग्नात वाढप्याला कुणी विचारत नाही, तसा.

प्रशिक्षण देणारे सर, त्यांना आमच्यात सुलभक म्हणतात, लांबूनच म्हणाले, "सर, ते शैक्षणिक साहित्य आहे. साहित्य खायचं नसतं. बाजूला ठेवा."

मी ठेवलं. दहा मिनिटांनी शहरातल्या शाळेच्या नीलिमा मॅडमनी शेंगापोळीचा डबा उघडला, आणि सातही उपवास सुटले. मला कुणी पोळी दिली नाही असं नाही. दिली. कागदावर, वरून सोडून.

आणि मी हसलो. तेही सांगायला हवं. "वा, मऊ झालीय की मॅडम," असंही म्हणालो.

माझी शाळा मोडनिंबच्या पुढं, वस्तीवर. सोलापुरात ते प्रशिक्षण होतं कृतीतून शिकवण्याचं. प्रत्येकानं आपल्या वर्गातली एक कृती करून दाखवायची. माझी कृती भाकरीची. चौथीतली एक पोरगी अडून बसली होती, की एक छेद आठ मोठा आणि एक छेद चार लहान, कारण आठ मोठे. फळ्यावर महिनाभर घसा कोरडा केला. शेवटी माझा डबा उघडला. भाकरीची घडी घातली, अर्धी. पुन्हा घडी, पाव. पुन्हा घडी, आठवा हिस्सा. विचारलं, "बोल, कुठला घेतीस?" भुकेलं लेकरू ह्या प्रश्नाला चुकत नाही. तुकडा खाऊन झाला की पाठ संपला. परीक्षा निराळी घ्यावी लागत नाही.

घडी पडायला भाकरी मऊ लागते. माझी बायको उकळत्या पाण्यात पीठ मळते, म्हणून ती कापडासारखी दुमडते. तिला शाळेचं कौतुक फार. स्वतः सातवीपर्यंत शिकली. प्रशिक्षणाला भाकरी लागणार म्हटल्यावर तिनं दोनदा चाळून पीठ घेतलं होतं.

ते आठ तुकडे मी एसटी स्टँडवर बसून खाल्ले. कोरडेच. एक पूर्णांक एकट्यानं संपवला. घरी आल्यावर तिनं विचारलं, "खाल्ली का वो समद्यांनी?"

"खाल्ली की. पुरली नाही."

"व्हय? येवढी शिकलेली मानसं, आन् माजी भाकरी खाल्ली?"

तिचा चेहरा असा उजळला, की मला पाणी प्यायला आत जावं लागलं.

पुढं महिन्याभरात सुलभक सरांचा फोन. माझी कृती जिल्ह्याच्या प्रशिक्षणासाठी निवडली होती, आणि पुढं माझं नावही सुलभकांच्या यादीत घालायचं ठरलं होतं. माझा ऊर भरून आला. मग ते म्हणाले, "सादर मात्र नीलिमा मॅडम करतील. तुमची भाषा जरा ग्रामीण पडते. आणि भाकरी आपण विकतची घेऊ, पाकिटातली. स्वच्छतेचं बघावं लागतं. तुम्ही साहित्य मांडायला थांबा."

मी म्हणालो, "चालेल की सर." वर धन्यवाद म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. "मॅडम छानच करतील" असंही म्हणालो. एक्कावन्न वर्षांचा माणूस.

बायकोला वाटलं, सादर मीच करणार. पहाटे उठून तिनं बारा भाकरी थापल्या. "मागल्या खेपी पुरली न्हाय म्हनला की," ती म्हणाली. मी गठुडं उचललं आणि निघालो. सांगायला तोंड कुठं होतं?

हॉल भरलेला. पुढच्या रांगेत साहेब लोक. मी सतरंजी अंथरली, टेबल पुसलं, भिंतीला उभा राहिलो. नीलिमा मॅडमनी पाकीट फोडलं. आतून निघाली सोलापूरची कडक भाकरी. पापडासारखी. आमटीत चुरून खावी, जगात तोड नाही. पण घडी?

"आता आपण हिचे दोन समान भाग करूया," मॅडम म्हणाल्या.

कट्ट. पाच तुकडे.

दुसरी घेतली. सहा. तिसरीचा चुरा साडीवर. पुढून एक साहेब म्हणाले, "मॅडम, हा कुठला अपूर्णांक?" हॉल हसला.

मला आधीच ठाऊक होतं. मी सांगितलं नव्हतं. मला कुणी विचारलं नव्हतं.

सुलभक सर लगबगीनं माझ्याकडं आले. "तुमच्याकडे घरची असेल ना? द्या लवकर. घडी घालण्यापुरती."

घडी घालण्यापुरती.

माझ्या आत काय झालं ते मला नीट मांडता येत नाही. एवढंच, की माझी शिकलेली भाषा गेली आणि आईची आली.

"घडीला चालती, मग खायाला का चालत न्हाय? तेवडं सांगा. लगीच देतो."

"सर, ही वेळ आहे का?"

"बारा भाकरी हायेत. श्याण्णव हिस्से. मी शिकवतो. शेवटी परत्येकानं आपला हिस्सा खायाचा. माजा पाठ तितं संपतो."

मास्तरचा आवाज. शेवटच्या रांगेपर्यंत गेला. साहेबांनी मान वळवली, मग कुणाला अडवता येईना. मी पुढं गेलो. घडी घातली, उलगडली, आठ सारखे हिस्से. कुणी हसलं नाही. मग ताट घेऊन रांगेरांगेनं फिरलो.

काहींनी खाल्लं. थोड्यांनी. पुष्कळांनी तुकडा हातात धरला आणि मी पुढं सरकल्यावर खुर्चीखाली ठेवला. साहेबांनी रुमालात गुंडाळला, "घरी नेतो" म्हणाले. सुलभक सरांनी हात पाठीमागं घेतले.

"मला ॲसिडिटी आहे."

"सर, त्वांडानं सांगा. तुमच्या घरची नको, आसं म्हना. मी ऐकून घेतो."

ते लाल झाले. "तुम्ही यात जात आणताय. आम्ही तर नावसुद्धा काढलं नव्हतं!"

खरं आहे. त्यांना कधी काढावंच लागलं नव्हतं.

घरी येऊन बायकोला दोन्ही दिवसांचं सगळं सांगितलं. ती परात घासत होती. हात थांबला.

"मंग मागल्या खेपी कुनी खाल्ली?"

"मी. स्टँडवर."

तिनं परातीवर तांब्याभर पाणी ओतलं. मग म्हणाली, "त्येंचं मला नवं न्हाय. तुमी माज्याशी खोटं बोलला, त्येचा राग हाय." आणि परात पुन्हा घासू लागली.

आठवड्यात कागद आला. सुलभकांच्या यादीत घालायचं ठरलेलं माझं नाव रद्द. शिवाय, प्रशिक्षणाचं वातावरण बिघडवल्याबद्दल लेखी खुलासा द्यावा. सहकारी म्हणाले, माफीच्या दोन ओळी लिहा, मिटवून टाका, निवृत्तीला किती राहिलीत वर्षं?

मी खुलासा लिहिला. घडलं ते, ज्या क्रमानं घडलं त्या क्रमानं. कोण काय म्हणालं, अवतरणात. माफी नाही. खाली पूर्ण नाव, आडनावासकट. पोच घेतली.

लोकांनी न बोलता सुचवायचं आणि मी न बोलता समजून घ्यायचं, हे काम मी जन्मभर बिनतक्रार केलं. ते आता सोडलं. ज्याला मी चालत नाही, त्यानं ते माझ्यासमोर, चारचौघांत, स्वतःच्या आवाजात म्हणायचं. म्हणेपर्यंत मी जागचा हलणार नाही.