क्रांजीच्या नोंदवहीतली ओळ

मंडळी, घरी येऊन चार तास झाले, तरी मन थाऱ्यावर नाही. म्हणून इथे लिहितेय.

माझी आई साताऱ्याहून आमच्याकडे सिंगापूरला, बिशानमध्ये आलीय. आज तिला इथल्या क्रांजीच्या युद्धस्मारकात नेलं. ती तान्ही असताना, दुसऱ्या महायुद्धात, तिचे वडील पलटणीबरोबर इथे आले ते परतलेच नाहीत. घरी फक्त 'बेपत्ता' असं कळवलं होतं. आजी मरेपर्यंत त्यांच्या नावाचं कुंकू लावायची.

एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, आई एवढंच म्हणाली, "तिथं नाव नसलं तर बरं गं."

स्मारकाच्या दाराशी नावांची नोंदवही असते. आई पायरीवर टेकली. मी पानं उलटत गेले आणि एका ओळीवर थांबले. आजोबांचं नाव होतं. पुढे आमचं गाव, आणि 'येसूबाईंचे पती'.

आईला इंग्रजी वाचता येत नाही. 'नाही सापडलं' हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

"आई, आहे," मी म्हणाले.

ती उठून वहीपाशी आली.

"माझ्या आईचं नावपण लिहिलंय? परत वाच."

मी तीनदा वाचलं. मग स्मारकाच्या भिंतीवर कोरलेलं नाव शोधलं. तिने विचारलं, "कुठून सुरू होतं?" मी तिचं बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं. शेवटच्या अक्षरापर्यंत तिने ते हळूहळू फिरवलं.

"आता श्राद्ध तरी घालता येईल," ती म्हणाली, आणि मग रडली.

आत्ता ती शांत झोपलीय. मी मात्र जागीच आहे. माझ्या जागी तुम्ही असता, तर सांगितलं असतं?