जोडीतला दुसरा पक्षी

गल्लीत पिकलेली बातमी अशी, की टेबलक्लॉथवालीनं मागाच्या खोलीत भूत कोंडून ठेवलंय. साफ खोटं. एक तर ते भूत नाही, पक्षी आहे. आणि कोंडलेला असता तर काळजीच नव्हती.

बाई नक्षीपायी वेडी. संग्रहालयातल्या जुन्या कापडांवरच्या वेली, डाळिंबं, पक्षी उतरवून आणायची, त्यांचा फापटपसारा छाटायची आणि आजच्या घरात शोभतील असे टेबलक्लॉथ आखायची. चौकटीच्या कागदावर नक्षी तिची, माग धाकट्या दिराचा. भांडण रोजचं, कापड मात्र दृष्ट लागावी असं. पण गिऱ्हाईक आटलं होतं. एका हॉटेलवाल्यानं टेबलक्लॉथ मागवला होता; ते काम हुकलं तर माग भंगारात जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्या कामासाठी तिनं एका फाटक्या जुन्या तुकड्यावरची नक्षी निवडली. काठावर समोरासमोर बसलेल्या पक्ष्यांच्या जोड्या. एका कोपऱ्यात मात्र एकटाच पक्षी, पुढ्यात मोकळी जागा.

"विणकराला डुलकी लागली असणार," म्हणत तिनं पेन्सिलीनं त्याला जोडीदार काढून दिला.

"वहिनी, मुद्दाम मोकळं ठेवलं असेल हो."

"भाऊजी, तुम्ही माग चालवा, डोकं मी चालवते."

दिरानं विणलं. उलगडलं तर जोडीदार गायब, नुसती कापडाची राखाडी जमीन. वहिनीनं दिराचा यथेच्छ उद्धार केला, मग मागाला नक्षी पुरवणाऱ्या पंचकार्डांची भोकं तपासली. सगळी बरोबर. पुन्हा विणलं, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला ती मागाला नाक लावूनच बसली. तिच्या डोळ्यांदेखत चोच उमटली, डोळा उमटला, मान, पंख, शेपूट. कापड रुळावर गुंडाळलं गेलं. भर दुपारी, लख्ख उजेडात, उलगडलं.

जागा रिकामी.

तिनं तिथं हात ठेवला. नुकतंच कुणी उठून गेलेल्या खुर्चीसारखी ती जागा ऊबदार होती. आणि उरलेला पक्षी आता समोर बघत नव्हता. मान वळवून दिराच्या खांद्याकडे बघत होता.

"वहिनी," दीर हळूच म्हणाला, "इथं काहीतरी टोचतंय. नखं असल्यासारखं."

पुन्हा विणायला ना सूत उरलं होतं ना धीर. हॉटेलवाला आला, तेव्हा तेच कापड पसरलं. तो चष्मा चढवून काठ तपासत कोपऱ्याशी थांबला. एका हातानं मानेमागं खाजवत होता. दिराचा आखडलेला खांदा मात्र अचानक सैल पडला.

"बाई, इथं एक पक्षी कमी आहे. असला माल मी घेत नाही."

वहिनीनं कापडाकडे पाहिलं. एकट्या पक्ष्याची मान पुन्हा वळली होती.

"कमी कुठाय, साहेब? एक तुमच्या मानेवर बसलाय. आता जोडी मोडू नका, दुसराही घेऊन जा."