पाणबुड्याची दुमची

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीपर्यंत शिकले. पुढं मेंढरांमागं जावं लागलं आणि मेंढरांना शुद्धलेखनाचं काही नव्हतं. हे मी कुणाला दाखवणार नाही. तरी कुणाच्या हाती लागलंच तर चुका समजून घ्याव्यात.

विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती. आमचे मालक धरणावर रोजंदारीनं राखण करायचे आणि मी शिवणकाम करायची. मशीन माझी होती, पण उभी होती मोठ्या जावेच्या ओसरीवर, कारण घेताना निम्मे पैसे तिनं घातले होते. ते फिटेपर्यंत मशीन तिच्या नजरेखाली राहील असं ठरलं होतं. मी परकर-पोलकी शिवून थोडंथोडं फेडत होते. त्या वर्षी तिच्या मुलीचं लग्न जमलं आणि तिनं सांगून टाकलं, की लग्नाच्या आत पैसे आले तर मशीन तुझी, नाहीतर पोरीच्या रुखवतात जाईल. ती रागानं बोलली नाही. कालवणात मीठ कमी आहे असं सांगावं तसं सांगितलं.

त्याच दिवसांत धरणाचा एक दरवाजा खाली अडकला. पुरता बसत नव्हता आणि पाणी वाया जात होतं. मुंबईकडून दोन माणसं आली. एक पाण्यात जायचा, दुसरा काठावर दोरी धरून बसायचा. पाण्यात जाणारा कोकणातला होता, वयानं माझ्या भावाएवढा. पाठीवर शेजारीशेजारी दोन लोखंडी टाक्या बांधायचा, त्यांत हवा भरलेली. सगळं गाव बघायला गेलं. मी गेले नाही.

मग त्याच्या पट्ट्यांतला एक कुजून तुटला आणि पाण्यात गेला. नवा मुंबईहून मागवावा तर नामांतरावरून बंद चालू होता, एसट्या जागेवर उभ्या होत्या. मालकांनी त्याला सांगितलं, "आमच्या घरात मशीन हाय." घरात नव्हती, जावेच्या ओसरीवर होती, पण परक्या माणसाला इतकं कशाला सांगायचं.

तो ओसरीवर येऊन बसला. मी दाराआड उभी राहिले.

"वहिनी, काम असं आहे," तो म्हणाला. "पाण्याखाली मला पालथं, आडवं राहावं लागतं. पाय खाली गेले की तळाचा गाळ उठतो, मग स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. आणि डोकं खाली घातलं की टाक्या पाठीवरून घसरून मानेवर येतात. त्या येऊ नयेत म्हणून एक पट्टा असतो. मागं टाक्यांना बांधलेला. तिथून तो..." इथं तो थांबला. "तिथून तो पुढं येतो."

"कुठून पुढं येतो?" मालकांनी विचारलं.

"खालून."

"कशाच्या खालून?"

तो मालकांकडं बघत राहिला. मालकांना समजलं आणि ते आढ्याकडं बघायला लागले. जाऊ ज्वारी निवडत होती, तिचा हात थांबला.

मी दाराआडून म्हणाले, "दुमची."

माझ्या वडलांकडं बिऱ्हाड वाहायला घोडं होतं. उतार लागला की खोगीर ओझ्यासकट त्याच्या मानेवर यायचं. येऊ नये म्हणून शेपटीखालून एक पट्टा घालून खोगिराला मागं ओढून बांधतात, ती दुमची. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या घरात हा शब्द रोजचा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मालकांनी तो त्याला समजावून सांगताना नाव घोड्याचं घेतलं आणि बोट त्याच्याकडं केलं.

"हो," तो म्हणाला. "तेच."

परक्या माणसाचं माप घेणं आमच्यात होत नाही. सदरा शिवायचा तर जुना सदरा मागून घ्यायचा आणि त्यावरून शिवायचा. इथं जुना पट्टा धरणाच्या तळाशी होता. दोघांची चण सारखी म्हणून मी मालकांनाच अंगणात उभं केलं आणि सुतळीनं माप घ्यायला लागले.

"काय मोजायलीस गं?" जावेनं विचारलं.

"पट्टा, आक्का."

"नवऱ्याला जुंपायलीस का?"

"वैनी, गप बसा की," मालक म्हणाले. त्यांना हलता येत नव्हतं.

"जुंप, जुंप. लगीन झाल्यापासून मोकळाच फिरायलाय."

पट्ट्यासाठी जाडजूड काहीतरी पाहिजे होतं. जावेनं मुलीचा पलंग विणायला मानवतहून सुती नवार, रुंद विणलेली पट्टी, आणून ठेवली होती, त्यातली तिनं हातावर मोजून दिली. मी शिवली, टाके दुहेरी घातले, आणि मालकांनी नेऊन दिली.

कोरं सुती कापड पाण्यात आटतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. पोलक्याचं कापड मी भिजवल्याशिवाय कापत नाही. पण पलंगाची नवार कधी कुणी भिजवत नाही, म्हणून माझ्या ध्यानातच आलं नाही. सकाळी तो पाण्यात उतरला आणि लवकरच वर आला. मालक सांगत होते, पायऱ्या चढताना तो फेंगडा चालत होता. दुपारी त्यानं पट्टा आणून ओसरीवर ठेवला.

"आटली," मी म्हणाले. मी आपणहून त्याच्याकडं बघून बोलले ते तेवढंच.

"मलाही तसं वाटलं," तो म्हणाला.

या वेळी जावेकडून आणखी नवार घेतली, ती घंगाळात भिजत घातली, वाळवली, मग शिवली. टोकाला घोड्याच्या तंगाच्या, म्हणजे पोटपट्ट्याच्या, लोखंडी कड्या लावल्या, म्हणजे हवी तेवढी ओढता येईल. तो म्हणाला, काठावर या, आणखी थोडं शिवावं लागेल. मी एकटी जाणार नव्हते. जाऊ पदर खोचून उठली. "चल, मी बी येते. माझी नवार हाय."

तो काठाजवळच्या उथळ पाण्यात पालथा झाला. टाक्या मानेवर आल्या नाहीत, पण त्याचे पाय हळूहळू खाली गेले. उठून त्यानं टाक्या पट्ट्यांत दोन बोटं वर सरकवल्या. तरी पाय खालीच. त्याच्या कमरेला शिसं होतं, बुडायला वजन लागतं म्हणून. त्यातलं थोडं त्याला खांद्यांपाशी न्यायचं होतं. मी सुईदोऱ्यानं दोन चंच्या शिवल्या, आपण पान-सुपारीला करतो तशाच, आणि त्या टाक्यांच्या वरच्या पट्ट्याला टाचल्या. शिसं त्यांत घातलं तर आता डोकं खाली आणि पाय वर. चंच्यांतला एकेक तुकडा काढून परत कमरेला. पुन्हा पालथा. बैलगाडीत पोती मागंपुढं करून जू हलकं-जड करतात तसं ते चाललं होतं, फक्त गाडीवान आणि गाडी एकच.

शेवटी तो पाण्यात पाटासारखा आडवा राहिला. हात हलेना, पाय हलेना. वर नुसते बुडबुडे येत होते.

म्हशी घेऊन आलेला एक म्हातारा थांबला. "मेला का काय?"

"न्हाई," जाऊ म्हणाली. "नीट झालाय."

त्यानंतर त्याच्या पायानं गाळ उठला नाही. खाली त्याला दरवाजाच्या खाचेत अडकलेला लाकडाचा ओंडका दिसला. तो काढल्यावर दरवाजा बसला. वाहणारं पाणी थांबलं आणि मालक दिवसभर ते न वाहणारं पाणी लोकांना दाखवत राहिले.

जायच्या आधी तो ओसरीवर आला. "वहिनी, शिलाई किती झाली?"

मला सांगता येईना. पोलक्याचा भाव होता, परकराचा होता, दुमचीचा नव्हता. मालक म्हणाले, "द्या काय द्यायचं ते." मी मनात एका परकराची शिलाई धरली होती, आणि तीही जास्त होईल का असं वाटत होतं.

जावेनं सुपातून मान वर केली नाही. "इतके झाले," ती म्हणाली, आणि आकडा सांगितला. माझ्याकडं तिचे जेवढे राहिले होते, बरोबर तेवढा.

मालक पुन्हा आढ्याकडं बघायला लागले. तो मात्र घासाघीस न करता खिशातून पैसे काढायला लागला. "एवढ्या पैशांत मुंबईला पट्टा आणायला जाऊन येणंही होत नाही," म्हणाला, आणि नोटा जिनं भाव सांगितला तिच्यापुढं धरल्या. जावेनं हात पुसून घेतल्या, मोजल्या, कमरेच्या पिशवीत घातल्या आणि परत सूप उचललं.

"ने तुझी मशीन," ती मला म्हणाली. "माझी ओसरी मोकळी कर. लगीनघर हाय."

पैसे माझ्या हाताला लागले नाहीत, पण सगळे फिटले.