कवळीवाल्या भुताचा शेवट

माझे सासरे कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर वेगळे आणि हे वेगळे. डॉक्टर माणसाच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवायचे. त्यावरून अण्णा घराच्या मागच्या खोलीत प्लॅस्टरचा जबडा ओतायचे, त्याला मेणाच्या हिरड्या चढवायचे, चिमट्याने एकेक दात बसवायचे, मग मेण वितळवून त्या जागी गुलाबी प्लास्टिक भरायचे आणि शेवटी मोटरच्या चाकावर घासून चकचकीत करायचे. तोंड कुणाचं, हे त्यांना कधीच कळत नसे. खोक्यावर नुसता नंबर असायचा. तरी रस्त्यात कुणी मोठ्याने हसलं की अण्णा थबकायचे. एकदा बँकेच्या रांगेत पुढच्या बाई हसल्या, तसे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आपले आहेत. वरचे. आठ-नऊ वर्षं झाली असतील, पण बघा कसे टिकलेत."

गल्लीत त्यांना 'बत्तीशी' म्हणत. ते रागवत नसत. माणूस मुळात रागवणाऱ्यातला नव्हताच. बोलणं कमी, हात सतत कामात, आणि तोंडावर प्लॅस्टरच्या धुळीसाठी बांधलेलं फडकं, त्यामुळे ते हसतायत की गंभीर आहेत हे डोळ्यांवरूनच ओळखावं लागायचं.

अशा माणसाला एकच सिनेमा आवडावा आणि तोही भुताचा, याचं मला लग्नानंतर पहिल्यांदा नवल वाटलं. पण गोष्ट ऐकल्यावर नवल राहिलं नाही. सिनेमातलं भूत म्हणजे व्याकरणाचे एक जुने मास्तर. मेल्यावर वर जातात, तर दारावर कारकून वही घेऊन बसलेला. "नाव सांगा, स्पष्ट." आणि मास्तरांची कवळी तर खाली घरातच राहिलेली! नावात चार 'त' आणि दोन 'द'. जन्मभर पोरांना दंत्य वर्ण शिकवले आणि ऐन वेळी स्वतःलाच एक उमटेना. कारकून म्हणतो, "कवळी घेऊन या, मग बघू." मास्तर भूत होऊन आपल्या जुन्या घरात परततात, तिथे दुसरंच कुटुंब राहायला आलेलं असतं, आणि मग पेल्यात, डब्यात, उशीखाली, पियानोत अशी कवळीची शोधाशोध चालते. मास्तर लोकांना भिववायला जातात, पण बोबडे बोलतात, म्हणून कुणी भीतच नाही.

माझ्या सासरी हा सिनेमा कॅसेटवर होता. आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, भावाने कुणाच्या तरी कॅसेटवरून उतरवून दिलेला. पण त्यांनी घेतलेली कोरी कॅसेट लहान निघाली. घरातली लहान मुलगी जिन्याखालच्या पेटीतून रुमालात बांधलेलं काहीतरी काढते, मास्तर हात पुढे करतात, आणि पडद्यावर मुंग्या! खरखर, खरखर. पुढचा सिनेमा मावलाच नाही.

मग अण्णा उठायचे. टीव्ही बंद करून त्याच्यापुढे उभे राहायचे आणि शेवट स्वतः करून दाखवायचे. आपण तो थिएटरात पाहिलाय, सगळा पाठ आहे, असं म्हणायचे. तोंडावरचं फडकं सोडून ओठ आत ओढून मास्तर व्हायचे, पाठ ताठ करून कारकून व्हायचे. एरवी मुखदुर्बळ असलेला माणूस त्या दहा मिनिटांत असा काही खुलायचा, की पोरी सिनेमा बघायच्या त्या या दहा मिनिटांसाठीच.

घोटाळा असा, की दोन मुलींमध्ये सहा वर्षांचं अंतर. ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीबाईंनी, तो सात-आठ वर्षांच्या असताना पाहिला. माझी बायको त्या वयाची होईपर्यंत ताई शिकवण्यांत आणि मैत्रिणींत गुंतल्या होत्या. दोघी त्या सिनेमाला एकत्र अशा कधी बसल्याच नाहीत. लग्नानंतर मी पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा सहज विषय निघाला.

ताई म्हणाल्या, "मास्तर कवळी घालतात, खणखणीत नाव सांगतात आणि दार उघडतं. जाताना सगळ्यांकडे बघून एकदा हसतात. मला तर रडूच यायचं."

"जातात कुठे?" माझी बायको म्हणाली. "ती कवळी त्यांची नसतेच! दुसऱ्याच कुणाची निघते. मग ते म्हणतात, मरू दे ते दार, आणि त्याच घरात राहतात. मुलीचा अभ्यास घेतात."

"काहीतरीच तुझं. भूत कधी अभ्यास घेतं का?"

"आणि भूत कधी हसून टाटा करतं का?"

"अण्णा, तुम्हीच सांगा आता."

अण्णांनी ताटातून मान वर केली नाही. "दोघींचंही बरोबर आहे," म्हणाले, हात धुतले आणि मागच्या खोलीत गेले. लगेच मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. आईंनी भांडी जरा जास्तच आवाज करत उचलली.

हा वाद पुढे बावीस वर्षं चालला. दोघींची मुलं मोठी झाली, कॅसेटला बुरशी लागली, ती चालवणारं यंत्र भंगारात गेलं, सिनेमा कुठे मिळेना. दोघी भेटल्या की एकदा तरी तो विषय निघायचा. भांडण प्रेमाचंच होतं, पण माघार घ्यायला कुणीच तयार नव्हतं.

गेल्या वर्षी एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला तो सिनेमा डिस्कवर दिसला. नवी प्रत, साफ केलेली, वेष्टनावर 'संपूर्ण' असं छापलेलं. मला आकाश ठेंगणं झालं. तडक सासरी गेलो आणि डिस्क अण्णांच्या हातात ठेवली. "घ्या. आता दूध का दूध, पानी का पानी."

अण्णांनी वेष्टन उलटसुलट करून बघितलं. "छान," म्हणाले. पण त्या 'छान'मध्ये काही जीव नव्हता.

पुढच्या रविवारी दुपारी सगळे जमणार असं ठरलं. शनिवारी अण्णांचा फोन आला, डोळ्यांत औषध घातलंय, टीव्ही बघायला मनाई आहे. त्याच्या पुढच्या रविवारी एक पूर्ण बत्तीशी तातडीने द्यायची होती. खरं तर त्यांनी काम कधीच कमी केलं होतं, महिन्यात दोन-तीन खोकी येत. तिसऱ्या रविवारी मोटरचा पट्टा तुटला. मोटरच्या पट्ट्याचा आणि सिनेमाचा काय संबंध, हे मला कळेना, म्हणून मी सकाळीच एकटा गेलो.

अण्णा मागच्या खोलीत खिडकीपाशी बसले होते. पट्टा शाबूत होता. समोर एक मेणाची हिरडी आणि त्यात बसवलेले सहा दात. एक दात ते चिमट्याने किंचित तिरका करत होते.

"वाकडा का करताय?" मी विचारलं.

"सगळे सरळ बसवले तर शेंबडं पोरही ओळखतं की खोटे आहेत. एखादा जरासा चुकवायचा. मग कुणी निरखून बघत नाही." त्यांनी चिमटा खाली ठेवला. "जावईबापू, दार लावून घ्या जरा."

मी दार लावलं.

"मी तो शेवट बघितलेला नाही."

मला आधी कळलंच नाही.

"थिएटरात गेलो होतो, ते खरं. मी आणि ही. ताई पोटात होती. दिवस भरत आले होते, पण हिला हौस. हसून हसून हिचे डोळे भरून आले होते. आणि ती मुलगी जिन्याखाली जाते ना, तिथेच हिने माझा हात धरला. मला वाटलं, सिनेमामुळे. तर कळा सुरू झालेल्या. उठलो तसे थेट दवाखान्यात. पुन्हा जाऊन बघणं काही झालं नाही. घरात बाळ, सिनेमा आठवड्यात उतरलासुद्धा."

"मग ताईंना सांगितलात तो शेवट?"

"कॅसेट संपली आणि पोरगी माझ्या तोंडाकडे बघायला लागली. भित्री होती. रात्री भूत घरात राहिलंय म्हटल्यावर झोपली असती का? म्हणून घालवून दिलं त्याला. धाकटीची उलटी तऱ्हा. भूत जाणार म्हटल्यावर तिने भोकाडच पसरलं. मग राहू दिलं. मला काय ठाऊक, या बावीस वर्षं वाद घालतील!"

मला हसू आवरेना, पण त्यांचा चेहरा बघून आवरलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, शाळेत गृहपाठ न करता आलेल्या पोरासारखा बसला होता.

"अण्णा, डिस्क हरवली म्हणून सांगू का? माझ्याकडून हरवली म्हणतो. ऐकून घेईन दोघींचं."

त्यांनी मेणाची हिरडी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. मग म्हणाले, "नको. मलाही बघायचाय हो शेवट. इतकी वर्षं मलाच माहीत नाही, काय झालं त्या मास्तरांचं."

त्याच दुपारी बसलो. अण्णा आरामखुर्चीत, आई त्यांच्या शेजारी वेताच्या मोड्यावर, दोघी बहिणी पलंगावर उशा घेऊन, मी दाराशी. सिनेमा सुरू झाला आणि पाच मिनिटांत घर हसायला लागलं. रंग इतके स्वच्छ होते की ताई म्हणाल्या, "अगंबाई, पडदे हिरवे होते होय? मला वाटायचं तपकिरी." मास्तर पियानोत डोकं घालतात तिथे माझ्या बायकोने उशी तोंडावर दाबून घेतली. अण्णा मात्र नेहमीसारखे चुका काढत होते. "ती खालची कवळी आहे, वर लावलीय त्याने. पडेल ना! बघा, पडली."

मुलगी जिन्याखाली गेली. पेटी उघडली. अण्णांनी खुर्चीचे हात धरले.

रुमालातून निघालं मास्तरांचं व्याकरणाचं पुस्तक. कवळी नव्हतीच तिथे. मास्तर जिन्यावर मटकन बसतात. आणि सबंध सिनेमाभर कोपऱ्यात तोंड मिटून बसलेली त्या घरातली म्हातारी आजी, जिने एक शब्दही काढलेला नसतो, ती पहिल्यांदा खदखदून हसते. तोंडात मास्तरांची कवळी! मास्तर बघतच राहतात. मग उठतात, टोपी काढून वाकतात आणि बोबड्या भाषेत म्हणतात, "ठेवा टुम्हीच. टुम्हाला शोभून डिशटाट." वर जाऊन कारकुनाला नाव सांगतात ते असं काही, की कारकून भलतंच नाव लिहून घेतो आणि त्यांना आत सोडतो. संपलं.

अण्णा हसले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आणि मग एकदम ताठ बसले. "पण हे अशक्य आहे! एकाची कवळी दुसऱ्याला बसेलच कशी? जबडा वेगळा, हिरड्या वेगळ्या. म्हातारीला बोलता आलं नसतं, हसणं तर सोडाच."

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की दोघी मुली पडद्याकडे नाही, त्यांच्याकडे बघतायत.

"अण्णा," ताई हळूच म्हणाल्या, "मास्तर हसून टाटा करत नाहीत."

"अभ्यासही घेत नाहीत," माझी बायको म्हणाली.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. मग त्यांनी सांगून टाकलं. थिएटर, कळा, दवाखाना, सगळं. बोलता बोलता मान खाली गेली होती. वर केली तेव्हा ताई उशीत तोंड खुपसून हसत होत्या आणि माझी बायको म्हणत होती, "म्हणजे माझ्यासाठी वेगळा केलात? खास?"

"आणि माझ्यासाठी वेगळा," ताई म्हणाल्या. "शिवाय खरा बघायचा राहिला, तोही माझ्यामुळेच."

पण आई हसत नव्हत्या. त्या अण्णांकडे टक लावून बघत होत्या.

"अहो, म्हणजे तुम्ही नंतर गेला नव्हतात?"

"कुठे?"

"हा सिनेमा बघायला. एकटे."

"छे! कधी जाणार?"

आईंनी पदराने तोंड पुसलं. "मला वाटलं, मी बाळंतिणीच्या खोलीत पडलेली असताना हे एकटेच जाऊन उरलेला बघून आले. एवढा साग्रसंगीत शेवट करून दाखवायचे, मला काय कळणार? सेहेचाळीस वर्षं मनात धरून बसलेय मी. म्हटलं, हौस माझी, कळा मी सोसल्या, आणि शेवट बघितला यांनी!"

"अगं, मग विचारायचं नाही का?"

"विचारायचं काय त्यात? बायकोला न नेता गेलेल्या माणसाला विचारतात का?"

अण्णांनी हात पुढे केला आणि आईंच्या हातावर ठेवला, आमच्या सगळ्यांसमोर, जे मी बावीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं. आईंनी हात काढून घेतला नाही. म्हणाल्या, "ते शेवटचं पुन्हा लावा बघू. मी यांच्याच तोंडाकडे बघत होते, म्हातारी हसली ते नीट दिसलंच नाही."

आम्ही शेवट तीनदा लावला. तिसऱ्या वेळी अण्णांनी म्हातारीच्या तोंडाचं चित्र थांबवायला लावलं आणि टीव्हीपाशी जाऊन चष्मा वर करून बघितलं. ही कवळी नव्हेच, असा निकाल दिला. दात त्या बाईचे स्वतःचेच.

दोघी बहिणींचा वाद काही मिटला नाही. आता प्रश्न असा आहे, की अण्णांच्या दोन शेवटांपैकी कुठला जास्त चांगला. खरा शेवट दोघींनाही तिसऱ्या नंबरचा वाटतो.

आईंनी मात्र दुसऱ्याच दिवशी फर्मान काढलं, की मला थिएटरात नेऊन एक सिनेमा अखेरपर्यंत दाखवा. बुधवारी दुपारच्या खेळाला दोघं गेले. कुठला सिनेमा लागलाय हेही आधी बघितलं नव्हतं. मी संध्याकाळी त्यांना घ्यायला गेलो, तर सगळं थिएटर रिकामं झालं तरी यांचा पत्ता नाही. आत डोकावलो. झाडूवाली बाई मागच्या रांगा झाडत पुढे येत होती आणि हे दोघं मधोमध बसून पडद्यावरची बारीक अक्षरं वाचत होते. दिवे लागले तेव्हा उठले.

"कसा होता?" मी जिना उतरताना विचारलं.

"भिकार," अण्णा म्हणाले. "नायकाचे पुढचे दोन दात नवीन बसवलेत, फारच पांढरे."

आईंनी त्यांचा दंड धरला होता, कारण पायऱ्या उंच होत्या. "पण खुर्च्या छान होत्या हो," त्या म्हणाल्या. "पुढच्या बुधवारी कुठला लागतोय ते बघून ठेवा."