थेंब मुरेपर्यंत
चामड्याचा वास आला की नव्वदीतला बेंगळुरूचा, मी कामाला होतो तो जॅकेटांचा कारखाना आठवतो, आणि बाहीवरचा थेंब. आमची जॅकेटं ॲनिलिन चामड्याची; त्यात रंग आत मुरवतात, वर थर देत नाहीत. म्हणून जनावराचे ओरखडे दिसतात आणि पाणीही शोषलं जातं. माल तपासायला आलेल्या परदेशी गिऱ्हाइकानं ओल्या बोटानं बाहीवर थेंब सोडला. तो मुरेना, तसाच गोल उभा राहिला. माल देखणा दिसावा म्हणून सकाळी त्या बाहीवरचा ओरखडा मीच रंगाचा जाड फवारा मारून झाकला होता. "हे कुणी केलं?" त्यानं विचारलं. "मी," आमचे मास्तर अण्णा म्हणाले, ज्यांनी आयुष्यात एकही ओरखडा झाकला नव्हता. अजूनही चामडं घेताना मी थेंब सोडतो, आणि तो मुरेपर्यंत मान वर करत नाही.