वल्ली शे, सर

जळगावात मेहरूण तळ्याकाठी राहणाऱ्या नानांना 'झालं' हा एक शब्द येत नव्हता. बाकीचे सगळे यायचे. 'बठा' यायचा, 'चहा ल्या' यायचा, 'धुळ्यामा ऊन कसं शे' हेही दर वेळी यायचं. मी मात्र धुळ्याहून एस.टी.नं पारोळा, एरंडोल करत, घामानं चिंब होऊन त्यांच्या शेडपर्यंत पोहोचलेला असायचो आणि मला फक्त तो एक शब्द हवा असायचा. मी विचारायचो, "नाना, झाली का माझी गिटार?" नाना मान वर करून पत्र्याखालच्या माळ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "वल्ली शे, सर." संपलं. परतीची एस.टी. पकडायची.

वल्ली म्हणजे ओली. आमच्या खान्देशात हे सांगावं लागत नाही, पण माझी बायको मंजिरी पुण्याची. तिनं पहिल्यांदा नानांचं हे वाक्य फोनवर ऐकलं तेव्हा तिला वाटलं, म्हातारा गिटारचं कौतुक करतोय, भलतीच वल्ली आहे म्हणतोय. "अरे, किती जीव आहे त्यांचा कामावर," असं ती मला म्हणाली. मी कपाळाला हात लावला. पुढे तिला अर्थ कळला, पण ती अजूनही म्हणते की पहिला अर्थही काही चुकीचा नव्हता.

नाना मूळचे अमळनेरकडचे सुतार. आधी तिफणी-वखरं केली, ती ट्रॅक्टरनं खाल्ली, मग जळगावात येऊन दारं, खिडक्या, दिवाण केले. एकदा कुणीतरी फुटलेली गिटार डिंकानं चिकटवायला आणून दिली. नानांनी ती उघडली आणि आत बघून त्यांचं डोकं फिरलं. "गानारी चीज, आनि पोटमा प्लायवूड," हे त्यांनी मला पुढे निदान पन्नास वेळा ऐकवलं, आणि दर वेळी त्यांना तेवढाच राग यायचा. त्या दिवसापासून त्यांनी स्वतः गिटार करायला घेतल्या. दिवाण करायचे पोटासाठी, गिटार करायचे त्या प्लायवूडवरच्या रागापोटी. मी भेटलो तेव्हा त्यांच्या हातून उण्यापुऱ्या नऊ-दहा गिटार झाल्या होत्या. झाल्या होत्या हे आपलं माझं म्हणणं.

कारण त्यांचा नियम असा होता की तयार गिटार, तारा न लावता, पत्र्याखालच्या माळ्यावर दोन उन्हाळे ठेवायची. एक नाही, दोन. मे महिन्यात जळगावचा पत्रा काय तापतो ते मी जळगावकरांना सांगायला नको. तिथे खाली बसलं तरी डोळ्यांपुढे काजवे चमकतात. "तिले दोन उन्हाळा खाऊ द्या," नाना म्हणायचे, "मंग ती कोठे बी जावो, फाटाव नई." मी त्यांना म्हणायचो की नाना, जगात लोक लाकूड आधी वाळवतात आणि मग वाद्य करतात. त्यावर ते म्हणायचे, "लाकूड येगळं, गितार येगळी." ते गिटारला गितारच म्हणत. मी वीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, ध्वनीचा धडा मला झोपेत येतो, पण हे वाक्य माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

एकदा मी त्यांच्याबरोबर रावेरकडे लाकूड आणायला गेलो. एका शेताच्या बांधावर शिवणीचं झाड वाऱ्यानं पडलं होतं, ते बघायचं होतं. शिवण हलकी, गिटारच्या पुढच्या पातळ फळीला, म्हणजे पडद्याला, घेतली की चांगली बोलते. पण नाना झाडापर्यंत काही लवकर पोहोचले नाहीत. वाटेत केळीच्या बागेत एका फाटलेल्या पानासमोर उभे राहिले ते राहिलेच. टेम्पोवाला रस्त्यावरून हॉर्न वाजवतोय, माझ्या डोक्यावर ऊन, आणि हे पान उलटं करून बघतायत. "देखा सर. वारा उना की पान फाटस. पन शिरले धरी धरी फाटस. शीर काही तुटत नई." मी म्हटलं, बरं मग? मग काही नाही. पुढच्या गिटारला त्यांनी पडद्याच्या आतून ज्या पट्ट्या चिकटवल्या, त्या केळीच्या पानाच्या शिरांसारख्या, मधली एक जाड आणि तिच्यातून दोन्हीकडे निघालेल्या बारीक. इतकं सुरेख काम मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि ते सगळं आत. पडदा बसला की कुणाला कधी दिसणार नाही. मी चिडून म्हटलं, "नाना, हे बघणार कोण?" ते म्हणाले, "आवाजले त दिसी, सर."

मी एक वही केली होती. माणूस सत्तरीचा, त्यांच्या हाताखाली शिकलेलं कुणी नाही, निदान मापं तरी लिहून ठेवावीत म्हणून. पडद्याची जाडी किती? "भाकरीना पापुद्रापेक्षा जाड, भाकरीपेक्षा पातळ." भोकाची रुंदी? "मनी मूठ जाई इतलं." मानेवरचे ठिपके केवढे? "बोरएवढा." मी लिहायला लागलो तोच म्हणाले, "कोनतं बोर लिखं? मेहरूणनं का रानमाधलं?" मेहरूणची बोरं मोठी असतात, म्हणून मला 'बोर' खोडून 'मेहरूणचं बोर' लिहावं लागलं. ती वही अजून माझ्याकडे आहे. तिच्यावरून कुणी गिटार करायला बसलं तर जेवायला भाकरी मात्र उत्तम होईल.

गिऱ्हाइकांशी त्यांचं वागणं म्हणजे तर आणखी कहर. हायवेवर हॉटेल बांधणारे एक गृहस्थ आले होते. त्यांना पोटात केळीच्या पानाच्या शिरा असलेली ती गिटार फारच आवडली. दोन उन्हाळे खाल्लेली, तारा लावलेली, अगदी द्यायच्या बेतातली. मला वाटलं, चला, एक तरी बाहेर पडेल. त्यांनी विचारलं, "लॉबीत भिंतीवर कशी लावायची? मागे हूक बसवून द्याल का?" नानांनी ती त्यांच्या हातातून हळूच काढून घेतली. "वाजाडानी चीज शे. भितले टांगानं व्हई ते फोटो टांगा." गृहस्थ रागावून गेले असते तर एक वेळ समजलं असतं. पण नानांनी त्यांना थांबवलं आणि पंधरा दिवसांत खरोखरच त्यांच्या वडिलांच्या फोटोला सागवानी चौकट करून दिली. ती चौकट मात्र दोन उन्हाळे वाट न बघता गेली. मी हे ऐकून शेडमध्ये इकडून तिकडे फेऱ्या मारत होतो.

माझ्या पहिल्या गिटारनं माळ्यावर एक उन्हाळा काढला, आणि माझा धीर सुटला. मी लाकडातली ओल मोजायचं यंत्र मागवलं. जळगावला नेलं, माळ्यावर चढलो, पडद्याला लावलं. आकडा उत्तम होता. मी विजयी चेहऱ्यानं खाली उतरलो. "नाना, यंत्र म्हणतं सुकलंय." नानांनी यंत्र हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. "हाई यंत्रनी किती उन्हाळा खादा?" मग त्यांनी मधल्या बोटाच्या पेरानं पडद्यावर तीनदा टकटक केली, कान जवळ नेला आणि म्हणाले, "वल्लं लाकूड नुसतं ऐकस, सर. सुकेल लाकूड जबाब देस. हाई आजून ऐकी ऱ्हायनी." मी म्हटलं, मला तर काहीच फरक ऐकू येत नाही. "तुमी मास्तर," ते म्हणाले, "समोरना ऐकी ऱ्हायना का जबाब देस, तुमले त समजाले पाहिजे." मला ते फार लागलं. मी गिटार उचलली आणि धुळ्याला घेऊन आलो. त्यांनी अडवलं नाही, पिशवी मात्र स्वतःच्या हातानं बांधून दिली.

मेमध्ये एका दुपारी ती फाटली. तारा जिथे अडकवतात त्या पुलापासून पडद्याच्या खालच्या कडेपर्यंत सरळ भेग. मी आणि मंजिरी जेवत होतो, आतल्या खोलीतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. पुढचे दोन आठवडे मला जळगावला तोंड दाखवायचा धीर होत नव्हता. शेवटी गेलो. मनाची तयारी केली होती की आता म्हातारा ऐकवणार. नानांनी भेगेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "कितला वाजता फाटनी?" मी म्हटलं, दुपारी. "दुपारी कितला? खिडकी उघडी व्हती का? भात रांधेल व्हता का जवळ?" इतकं ओशाळं मला कुठल्या परीक्षेतही वाटलेलं नाही. रागावले असते तर मीही चार शब्द बोललो असतो, तीही सोय त्यांनी ठेवली नाही.

मग त्यांनी दुसरी करायला घेतली. पाठीला कापसाच्या एका पाडलेल्या जिनिंग कारखान्याची सागवानी तुळई, बोटं फिरतात त्या पट्टीला अंजनाचं लाकूड, आणि पुढे रावेरची तीच शिवण. भोकाभोवती त्यांनी तळ्याकाठच्या बोरीची डहाळी कोरली, काट्यांसकट. मी म्हटलं, काटे कशाला? "काटा नई त बोर कसानी?" ठिपके अर्थातच मेहरूणच्या बोरांएवढे. ती माळ्यावर चढली, तिनं पहिला उन्हाळा काढला, आणि त्या हिवाळ्यात नानांचा दम वाढला. आयुष्यभराचा भुसा छातीत बसला होता. सुरतेला असते ती त्यांची मुलगी सुरेखाताई येऊन त्यांना घेऊन गेली. जाताना त्यांनी ती गिटार मला दिली, बिनतारांची. "एक उन्हाळा बाकी शे. तुमना घर पत्रा शे का?" आमच्या गच्चीवर पत्र्याची खोली आहे. "तठे ठेवा. आनि दर आइतवारले फोन करा. मी ऐकसू."

आणि मी केले हो फोन. भौतिकशास्त्राचा प्राध्यापक, दर रविवारी सकाळी गच्चीवरच्या भट्टीत उभा राहून फोन गिटारच्या पोटाशी धरायचा आणि मधल्या बोटानं तीनदा टकटक करायची. सुरतेहून थोडा वेळ नुसता श्वास ऐकू यायचा, आणि मग, "वल्ली शे, सर." चैत्रात वल्ली. वैशाख लागला तरी वल्ली. मी वैतागून म्हणायचो, नाना, फोनवर काय कळतं तुम्हाला? तिथलं तुमचंच हवामान ओलं आहे. ते हसायचे, हसता हसता खोकायचे आणि फोन सुरेखाताईंकडे द्यायचे.

वैशाख निम्मा झाला होता तेव्हाची गोष्ट. मी फोन लावला, नाना "बोला सर" म्हणाले, त्यांचा आवाज फार खोल गेला होता. मी म्हटलं, एक मिनिट हं, पंखा बंद करतो. फोन गिटारवर ठेवला, पंखा बंद करून वळलो, तर फोनमधून त्यांचा आवाज येत होता. "सुकाई गई, सर. आते वाजाडा."

मी अजून टकटक केलीच नव्हती.

मी घाईनं फोन उचलला, म्हटलं नाना, थांबा, ऐका तर. पण तोपर्यंत सुरेखाताई बोलत होत्या, बाबा दमलेत म्हणाल्या. पुढच्या रविवारी फोन त्यांनीच उचलला आणि त्यांच्या रडण्यावरूनच मला समजलं.

ज्या शब्दासाठी मी इतकी वर्षं एस.टी.चे धक्के खाल्ले, तो शब्द मला मिळाला तो असा. तो उन्हाळा सरला, आता पुढचाही सरत आला. नियमानं बघितलं तर गिटारनं एक उन्हाळा जास्तच खाल्लाय. तारा आणून ठेवल्यात, त्या पाकिटातच आहेत. दर रविवारी मी गच्चीवर जातो, तीनदा टकटक करतो, कान लावतो. कधी वाटतं जबाब दिला, कधी वाटतं नुसती ऐकतेय. विचारायचं कुणाला? मंजिरी म्हणते, "लाव ना एकदाच्या तारा. ते स्वतः म्हणाले होते ना, सुकली म्हणून?" मी तिला म्हणतो, "वल्ली शे." ती माझ्याकडे बघते आणि खाली जाते.

मला त्यांचा अजूनही राग येतो. जन्मभर लाकडाच्या बाबतीत एक शब्द खोटा बोलला नाही हा माणूस. खोटं बोलायचंच होतं, नाना, तर निदान मी टकटक करेपर्यंत तरी थांबायचं होतं.