आधी उलटून बघा

वत्सलाअक्कांची आणि माझी पहिली भेट मी तणतणत निघून जाण्यात संपली, हे गौरवग्रंथात लिहिणं शोभत नाही म्हणे. पण अक्कांना गोड खोटं चालत नाही, म्हणून खरं तेच लिहिते.

आम्ही नोकरीसाठी नागपूरहून बंगळूरला आलो आणि माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला, कर्करोग निघाला. पहिल्या केमोनंच तो खचला. अशात कुणीतरी मोबाइलवर पाठवलं, मेलेल्या लाकडावरच्या रंगीत पट्ट्यांच्या बुरशीचा काढा घ्या, बरे व्हाल. येलहंक्यात आमच्या घरामागच्या ओंडक्यावर हुबेहूब तशीच बुरशी होती. श्रीकांतनं जाहीर केलं, "आता हॉस्पिटल बंद. काढा सुरू." अरे बाप्पा, मी घाबरलेच. आणि आशाही वाटली, कशाला लपवू? शेजारीण म्हणाली, बसवनगुडीत वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका राहतात, बेळगावच्या आहेत, आधी त्यांना दाखव.

अक्कांची रीत त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना पाठ आहे. त्या आधी नाव सांगत नाहीत. हातात भिंग देतात आणि म्हणतात, "उलटून बघा." मी बघितलं.

"बारीक छिद्रं दिसतात?"

"नाही. गुळगुळीत आहे."

"मग ही ती नव्हे. वरून तिच्यासारखी दिसते, एवढंच. चामड्यासारखी चिवट, खायची नाही. आणि ती असती तरी डॉक्टर सोडायचे नव्हते, सरी? कळलं ना?"

मी बुरशीची पिशवी उचलली आणि चालू पडले. इतका राग आला होता मला!

दुसऱ्या दिवशी, शेजारणीकडून पत्ता घेऊन, दुखऱ्या गुडघ्यांनी बस बदलत अक्का आमच्या दारात हजर. श्रीकांतला उपदेश नाही, दटावणं नाही. बिस्किटाच्या डब्यातून त्यांनी खरी, वाळवलेली बुरशी काढली, तिच्याशेजारी आमची ठेवली आणि भिंग पुढं केलं. "स्वल्प, जरासं, उजेडात या. तुम्हीच बघा." आमचा हट्टी माणूस कितीतरी वेळ दोन्ही उलटून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे आता काहीच नाही?"

"हे नाही, एवढंच मला कळतं. पुढचं डॉक्टरांना कळतं. चला, मी येते बरोबर."

आणि त्या आल्या! त्या दिवशीच नव्हे, प्रत्येक केमोला. बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बसून डब्यातली इडली बळेबळे खाऊ घालायच्या. माझ्या सख्ख्या माणसांनाही जमलं नाही ते या बाईंनी केलं.

आज अक्कांना पंच्याहत्तर पूर्ण होत आहेत. सत्काराची शाल आणायला मला घेऊन चिकपेटला श्रीकांतच गेला होता. दुकानदार बिचारा वरची नक्षी दाखवून दमला आणि हा आपला प्रत्येक शाल उलटून मागची बाजू बघतोय! मी बाजूला उभी राहून हसले, रडलेही.

अक्का, गुडघे सांभाळा, औषधं वेळेवर घ्या, खणखणीत राहा. तुमच्या शंभरीची शालही त्यालाच आणायची आहे.